एम८७ चं चित्र: 'फोटो' म्हटल्याने काय बिघडतं?

कृष्णविवराचा 'पहिला फोटो' तुम्ही नक्की पाहिला असेल. काळ्या पार्श्वभूमीवर एक नारिंगी, धूसर कडं, त्याची खालची बाजू जास्त उजळ आणि मध्ये काळोख. १० एप्रिल २०१९ ला तो जाहीर झाला, जगभरच्या वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आला आणि नंतर मीम्सपासून टी-शर्टपर्यंत सगळीकडे पोचला.

सिनेमाचं किंवा पुस्तकाचं परीक्षण लिहितात तसं आज मला या एका चित्राचं परीक्षण लिहायचं आहे. माझं पीएचडीचं काम रेडिओ इंटरफेरोमेट्रीत आहे. म्हणजे हे चित्र ज्या पद्धतीने बनलं, तिच्या भावंडांशी माझा रोजचा संबंध येतो. हे चित्र बनवणाऱ्या 'इव्हेंट होरायझन टेलिस्कोप' (पुढे ईएचटी) या गटात मात्र मी नाही. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते: चित्र चांगलं आहे, त्यामागचं काम त्याहून कितीतरी चांगलं आहे, आणि 'फोटो' हा शब्द दोन्हींचं नुकसान करतो. आता हे नुसतं शब्दांवरून भांडण वाटेल. तसं ते का नाही, हे सांगण्यासाठी आधी नेमकं मोजलं काय गेलं ते बघावं लागेल.

मोजलं काय?

एम८७ ही कन्या तारकासमूहाच्या दिशेला असलेली एक अवाढव्य दीर्घिका. अंतर सुमारे साडेपाच कोटी प्रकाशवर्षं. तिच्या केंद्रातल्या कृष्णविवराचं वस्तुमान सूर्याच्या सुमारे ६५० कोटी पट. एवढं प्रचंड असूनही इतक्या लांबून ते कडं आपल्याला दिसतं फक्त ४२ मायक्रो-आर्कसेकंदांचं. हा आकडा डोक्यात बसत नाही, म्हणून असं समजा: चंद्रावर एक मोसंबं ठेवलं, तर पृथ्वीवरून ते साधारण तेवढंच दिसेल.

दुर्बिणीला किती बारीक दिसतं हे दोन गोष्टींवर ठरतं. लहरींची तरंगलांबी जितकी लहान आणि दुर्बिणीचा व्यास जितका मोठा, तितकं बारीक दिसतं. ईएचटीने वापरलेली तरंगलांबी होती १.३ मिलिमीटर. हिशोब केला तर मोसंबं दिसायला लागणारा व्यास जवळजवळ पृथ्वीएवढा येतो. एवढी डिश कोण बांधणार?

यावरची युक्ती जुनी आहे, आणि ती बघायला पुणेकरांना फार लांब जावं लागत नाही. पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावहून खोडदकडे वळलं की जीएमआरटीच्या डिश दिसायला लागतात. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या एकूण ३० डिश, सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिलेली ही दुर्बीण. विज्ञान दिनाला तिथे गर्दी होते, आणि लोकांचा एक नेहमीचा प्रश्न असतो, "यातून दिसतं काय?" प्रामाणिक उत्तर असं की एकट्या डिशमधून काहीच 'दिसत' नाही. दोन डिशकडे आलेले संकेत एकत्र केले की एक मोजमाप मिळतं. आकाशाच्या त्या तुकड्यात, अमुक दिशेने, अमुक इतक्या बारकाव्याची रचना किती आहे, एवढंच ते सांगतं. डिश जवळजवळ असतील तर ढोबळ रचनेची माहिती मिळते, लांब असतील तर बारीक रचनेची. अशी पुष्कळ मोजमापं जमली की गणिताने, म्हणजे फूरिये रूपांतराने, उलट जाऊन चित्र बनवता येतं. पृथ्वी फिरते तशा डिशच्या जोड्यांच्या दिशा बदलतात आणि मोजमापं वाढत जातात. ही पद्धत विकसित केल्याबद्दल मार्टिन राइल यांना १९७४ चं नोबेल मिळालं.

आता मुद्द्याचा आकडा. ३० डिशच्या जोड्या होतात ४३५. ईएचटीकडे एप्रिल २०१७ मध्ये आठ दुर्बिणी होत्या, सहा ठिकाणी: चिलीत दोन, हवाईत दोन, मेक्सिको, ॲरिझोना, स्पेन आणि दक्षिण ध्रुव. पण दक्षिण ध्रुवावरून एम८७ दिसतच नाही, ती उत्तरेच्या आकाशात आहे. उरली पाच ठिकाणं. पाच ठिकाणांच्या लांब पल्ल्याच्या जोड्या होतात फक्त १०.

दहा जोड्या, चार रात्री. एवढ्यावर ते कडं उभं आहे.

ठिपके आणि रांगोळी

ठिपक्यांची रांगोळी आठवा. सगळे ठिपके असले की नक्षी जवळपास ठरलेली असते. त्यातले बरेचसे ठिपके पुसून टाकले आणि 'आता नक्षी पूर्ण करा' म्हटलं, तर दहा जणी दहा प्रकारे करतील, आणि उरलेल्या प्रत्येक ठिपक्याला सगळ्यांची नक्षी बरोबर जुळेल. ईएचटीची अडचण हीच आहे. (उपमेत एक गफलत आहे: इथले ठिपके चित्रातले नसून फूरियेच्या नकाशातले आहेत. पण 'ठिपके कमी, नक्ष्या अनेक' हा मुद्दा तसाच लागू पडतो.) मोजमापांशी जुळणारी चित्रं गणिताच्या दृष्टीने असंख्य आहेत. त्यातलं एक निवडायचं तर काहीतरी गृहीत धरावंच लागतं: प्रकाश ऋण असू शकत नाही, उजेड एका मर्यादित भागात आहे, शेजारशेजारच्या बिंदूंत उगाच फार फरक नसावा, वगैरे.

त्यात हवेची भर. प्रत्येक दुर्बिणीच्या डोक्यावरच्या हवेतली वाफ लहरींना कमी-अधिक उशीर करते, आणि हा उशीर काही सेकंदांतच बदलतो. त्यामुळे लहर किती पुढे-मागे आहे, म्हणजे तिची कला किती, हे एकेका जोडीसाठी नीट मोजताच येत नाही. इथे एक सुंदर युक्ती कामाला येते. तीन दुर्बिणींचा त्रिकोण घ्या: अ, ब आणि क. अ-ब, ब-क आणि क-अ या तीन जोड्यांच्या कलांची बेरीज करा. 'अ' वरच्या हवेचा घोटाळा पहिल्या जोडीत अधिक चिन्हाने येतो आणि तिसरीत उणे चिन्हाने. 'ब' आणि 'क' चंही तसंच. बेरजेत सगळे घोटाळे कटतात आणि उरते ती फक्त आकाशाबद्दलची माहिती. १९५८ मध्ये रॉजर जेनिसन यांनी मांडलेली ही कल्पना. इतकी साधी, की अकरावीच्या वहीत मावेल. या चित्राची सगळी मदार अशा त्रिकोणांवर आहे. बातम्यांमध्ये मात्र पृथ्वीएवढी दुर्बीण आली, विमानाने नेलेल्या हार्ड डिस्क आल्या, पाच पेटाबाइट आले. त्रिकोण कुठेच आला नाही.

कौतुक कशाचं व्हायला हवं होतं

माझ्या मते या सगळ्या प्रकल्पातला सर्वात दाद देण्याजोगा भाग २०१८ च्या उन्हाळ्यातला आहे. चित्र काढणाऱ्यांचे चार गट केले गेले. त्यांनी एकमेकांशी चित्रांबद्दल बोलायचं नाही, एकमेकांची चित्रं बघायची नाहीत. दोन गटांनी जुनी, मुरलेली 'क्लीन' पद्धत वापरली. यान होगबोम यांनी १९७४ मध्ये मांडलेली ही पद्धत आजही आम्ही सगळे वापरतो. बाकी दोन गटांनी नव्या प्रकारच्या, शक्यतांचं गणित करणाऱ्या पद्धती वापरल्या. सुमारे सात आठवड्यांनी चौघांनी आपापली चित्रं शेजारी शेजारी ठेवली. चौघांकडेही कडं होतं, साधारण त्याच मापाचं, दक्षिणेला उजळ.

यावरही ते थांबले नाहीत. संगणकावर खोटं आकाश तयार केलं: कुठे कडं, कुठे चंद्रकोर, कुठे भरीव तबकडी, कुठे नुसते दोन ठिपके. ही खोटी आकाशं याच पाच ठिकाणांवरून 'पाहिली' असती तर कशी मोजमापं आली असती, ती काढली. मग तीन सॉफ्टवेअरमध्ये मिळून सुमारे ४९ हजार वेगवेगळी सेटिंग्ज लावून बघितली. ज्या सेटिंग्जना भरीव तबकडी असताना तबकडीच दिसली आणि दोन ठिपके असताना दोन ठिपकेच दिसले, तेवढ्याच ठेवल्या. म्हणजे जी सेटिंग्ज कशातूनही कडं काढतात, ती बाद.

हा आहे खरा विज्ञानाचा भाग. आपल्याला जे हवंय तेच आपण बघत नाही ना, याची स्वतःच घेतलेली उलटतपासणी. 'फोटो' म्हटलं की हे सगळं दिसेनासं होतं, कारण फोटो काढणाऱ्याला उलटतपासणी लागत नाही. बटण दाबलं, आला.

शब्द चुकला की श्रेयसुद्धा चुकतं. फोटो म्हटलं की फोटोग्राफर शोधला जातो. २०१९ मध्ये तसंच झालं. केटी बाउमन या तरुण संशोधिकेचा संगणकासमोरचा आनंदी चेहरा व्हायरल झाला आणि 'हिच्या एका अल्गोरिदमने फोटो काढला' अशी गोष्ट तयार झाली. हे सगळ्या गटाचं काम आहे असं तिने स्वतः सांगितलं. तरी लगेच उलटी लाट आली: तिचं योगदान नगण्य ठरवणारी, आणि श्रेय अँड्र्यू चेल या तिच्याच सहकाऱ्याला देणारी. त्या चेलने जाहीरपणे तिची बाजू घेतली. दोनशेहून जास्त लोकांचं काम होतं ते, आणि त्याची ताकदच अशी होती की कुठल्याही एका माणसावर किंवा एका पद्धतीवर ते अवलंबून नव्हतं.

चित्रातलं किती खरं मानायचं?

परीक्षण म्हटलं की गुण द्यायला हवेत. सरसकट 'खरं की खोटं' विचारण्यापेक्षा चित्रातली एकेक गोष्ट घेऊ.

कड्याचं माप: पैकीच्या पैकी. कारण ते समजायला चित्र काढायचीसुद्धा गरज नाही. दुर्बिणींमधलं (एम८७ कडून पाहिल्यावरचं) अंतर वाढत गेलं तसा जोडीचा संकेत क्षीण होत जातो, सुमारे ४४०० किलोमीटरला जवळजवळ शून्यावर येतो, आणि त्यापुढे पुन्हा वर येतो. साधा धूसर ठिपका असता तर संकेत पडला तो पडलाच असता. हे 'पडून पुन्हा उठणं' कड्यासारख्या आकाराची खूण आहे, आणि कुठे पडलं यावरून कड्याचा व्यास निघतो. मला विचाराल तर पहिल्या पानावर हा आलेख छापायला हवा होता. (कोणी छापला नसता, ते मलाही कळतं.)

मधला काळोख: चांगले गुण. कड्यापेक्षा आतला भाग किमान दहापटीने मंद आहे असं मोजमापं सांगतात. पण बहुतेक बातम्यांनी त्या काळ्या गोलाला थेट कृष्णविवर म्हटलं, ते बरोबर नाही. ती कृष्णविवराची सावली आहे. जिथून प्रकाश परत येत नाही ती सीमा, म्हणजे घटनाक्षितिज, तिच्या आत असते. न फिरणाऱ्या कृष्णविवरासाठी सावलीचा व्यास घटनाक्षितिजाच्या सुमारे २.६ पट येतो.

दक्षिणेचा उजळपणा: आहे नक्की, पण कायमचा नाही. आपल्या दिशेने वेगात येणाऱ्या वायूचा प्रकाश जास्त तेजस्वी दिसतो, म्हणून एक बाजू उजळ. २०१८ ची निरीक्षणं जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. कड्याचं माप तेच, आणि सर्वात उजळ भाग सुमारे ३० अंशांनी सरकलेला. व्यास गुरुत्वाकर्षणावर ठरतो म्हणून बदलला नाही; उजळ भाग खळबळणाऱ्या वायूवर ठरतो म्हणून सरकला. अगदी अपेक्षेप्रमाणे.

उजळ भागातल्या गाठी: काठावर पास. पद्धत बदलली की त्या जागा बदलतात. त्यावरून कोणी काही सिद्धांत मांडत असेल तर जपून.

रंग: शून्य गुण. १.३ मिलिमीटरच्या लहरी डोळ्यांना दिसतच नाहीत. मोजली गेली ती फक्त तीव्रता. नारिंगी रंग माणसांनी निवडलाय, निळा किंवा हिरवा निवडला असता तरी माहिती तीच राहिली असती. पण नारिंगीमुळे सगळ्यांना आग आठवली, आणि 'आगीचं कडं' हा शब्दप्रयोग रूढ झाला.

आणखी एक गोष्ट फार जणांना माहीत नाही. जे चित्र आपण सगळ्यांनी पाहिलं, ते तिन्ही सॉफ्टवेअरच्या चित्रांना मुद्दाम सारखं धूसर करून काढलेली सरासरी आहे. तिघांचं जिथे पटत नव्हतं ते बारकावे त्यात विरघळून गेले. हा निर्णय प्रामाणिकच होता, कारण जे खात्रीने माहीत नाही ते ठामपणे दाखवायचं नाही. 'इतका महागडा फोटो आणि तोही ब्लर!' असे विनोद झाले. त्या धूसरपणात सावधपणा होता, पण फोटो म्हणून बघणाऱ्याला तो कॅमेऱ्याचा दोष वाटला.

मग बिघडलं काय?

ईएचटीने आपली मोजमापं आणि चित्र काढायचे प्रोग्रॅम सगळ्यांसाठी खुले केले. त्यामुळे कोणालाही तपासता येतं. जपानच्या राष्ट्रीय खगोल वेधशाळेतले माकोतो मियोशी आणि दोन सहकाऱ्यांनी तीच मोजमापं घेऊन २०२२ मध्ये वेगळाच निष्कर्ष प्रसिद्ध केला. त्यांच्या चित्रात कडं नव्हतंच. केंद्रातला गाभा आणि त्यातून निघणारा झोत होता. त्यांचं म्हणणं होतं की दुर्बिणींची विरळ मांडणीच अशी आहे की सुमारे ४० मायक्रो-आर्कसेकंदांची खोटी रचना तयार व्हावी. ईएचटीने त्यांच्या पद्धतीतल्या त्रुटी दाखवत हे नाकारलं. त्याच सुमारास फिलिप आरास यांच्या गटाने, आणि ख्रिस कॅरिली व नित्यानंदन त्यागराजन यांनीही, आपापल्या पद्धतींनी तीच मोजमापं तपासली. त्यांना कडं मिळालं. पुढे २०१८ च्या निरीक्षणांत ग्रीनलंडची नवी दुर्बीण सामील होती, म्हणजे ठिपके वाढलेले होते, त्यातही कडं आलं. माझं मत विचाराल तर पारडं कड्याच्या बाजूने चांगलंच जड आहे.

पण मुद्दा कोण जिंकलं हा नाही. ज्याने ते चित्र 'फोटो' म्हणून मनात ठेवलंय, त्याच्यासाठी मियोशींच्या शोधनिबंधाचा अर्थ एकच होतो: फोटो खोटा होता. फोटोच्या बाबतीत आपल्याकडे दोनच कप्पे असतात, अस्सल आणि बनावट. 'उपलब्ध मोजमापांवरून काढलेला सर्वात टिकाऊ निष्कर्ष' असा तिसरा कप्पाच नसतो. म्हणजे विज्ञान जेव्हा अगदी व्हायला हवं तसं चाललेलं असतं, कोणीतरी शंका घेतंय, कोणीतरी पुन्हा तपासतंय, तेव्हाच बाहेरच्या माणसाला ते फसवणूक उघडी पडल्यासारखं दिसतं. लस, हवामान, पाणी यांबाबतही आपण लोकांना 'आकडेवारीवर भरवसा ठेवा' म्हणत असतो. तिथे हा तिसरा कप्पा नसण्याची किंमत खूप मोठी आहे.

दुसरी अडचण २०२३ मध्ये आली. लिया मेदेरोस आणि सहकाऱ्यांनी 'प्रायमो' या पद्धतीने त्याच २०१७ च्या मोजमापांतून जास्त रेखीव कडं काढलं. जाडी साधारण निम्मी, मधला काळोख जास्त गडद. बातम्या आल्या की 'फोटो आता स्पष्ट झाला'. नवी मोजमापं मात्र एकही नव्हती. संगणकावर बनवलेल्या कृष्णविवरांच्या ३० हजारांहून जास्त चित्रांवरून ही पद्धत शिकली, आणि रिकाम्या जागी काय असावं हे त्या शिकवणीवरून भरलं. यात गैर काही नाही, संशोधकांनी ते मोकळेपणाने सांगितलंही आहे. पण तो रेखीवपणा काही अंशी आकाशाचा आणि काही अंशी आपल्या सिद्धांताचा आहे. सिद्धांतावरून भरलेल्या चित्राने पुन्हा तोच सिद्धांत तपासायला गेलो तर आपण गोल गोल फिरू. दोन्हीला 'फोटो' म्हटलं की या दोन चित्रांतला सगळ्यात महत्त्वाचा फरकच पुसला जातो.

"पण सगळेच फोटो असे असतात की!"

हा आक्षेप माझे लॅबमधले मित्रच घेतात, आणि तो बिनबुडाचा नाही. तुमच्या फोनच्या कॅमेऱ्यातसुद्धा प्रत्येक बिंदूवर लाल, हिरवा, निळा यांपैकी एकच रंग मोजला जातो. बाकीचे दोन शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरले जातात. म्हणजे फोनचा फोटोही अर्धाअधिक हिशोबच आहे.

मान्य. तरी एक फरक उरतो. फोनमध्ये प्रत्येक बिंदूवर काहीतरी मोजलेलं असतं, आणि फोटो चुकला का हे समोर बघून कळतं. एम८७ च्या चित्रातला एकही बिंदू थेट मोजलेला नाही, आणि तिथे जाऊन खात्री करायची सोय नाही. खात्रीचा एकच मार्ग: वेगळ्या पद्धती, वेगळी माणसं, वेगळ्या वर्षांची निरीक्षणं, आणि तरीही टिकणारं उत्तर. म्हणून तर त्याला वेगळा शब्द हवा.

शब्द कुठला? 'चित्र' पुरेसा आहे, आपल्याकडे आधीपासून आहे. 'नकाशा' त्याहून नेमका वाटतो. नकाशा बघताना आपण आपोआप विचारतो: कोणी काढला, कधीचा आहे, प्रमाण काय, कुठला भाग पक्का आणि कुठला अंदाजे? हेच प्रश्न इथे विचारायचे आहेत. जीएमआरटीच्या निरीक्षणांतून बनलेल्या चित्रांनाही आमच्या बोलण्यात सर्रास 'मॅप' म्हणतात.

आणि ईएचटीकडे एक तक्रार. तिन्ही पद्धतींची वेगवेगळी चित्रं त्यांनी शोधनिबंधात दिली आहेत, तपशीलवार. पण जगासमोर ठेवायला एकच सरासरी निवडली. तिन्ही शेजारी शेजारी ठेवली असती, तर पहिल्याच दिवशी शाळेतल्या मुलालाही कळलं असतं की कडं तिन्हीकडे आहे आणि गाठी तिन्हीकडे वेगळ्या आहेत. अनिश्चितता समजावून सांगायला यापेक्षा सोपं साधन मला सुचत नाही.

पुढच्या वेळी असं एखादं चित्र फॉरवर्ड होऊन आलं, तर 'खरं आहे का?' असं विचारू नका. 'यातलं काय मोजलंय आणि काय भरलंय?' असं विचारा.